शेडमधली जागतिक वेळ

माझा नवरा आणि मी, दोघंही प्रोग्रॅमर. शेलूच्या आमच्या दोन खोल्यांत एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसतो आणि दिवसभर वाद घालतो. त्यातला सगळ्यात लांबलेला वाद लॉगमध्ये वेळ कशी लिहायची, यावरचा.

लॉग म्हणजे यंत्राने स्वतःच लिहिलेल्या नोंदी: अमुक झालं, अमुक वाजता झालं. आम्ही कोंबड्यांच्या शेडसाठी एक डबी बनवली होती. पिल्लांना ऊब देणारे दिवे विझले की डबी नोंद करायची आणि तीच नोंद मालकाच्या मोबाइलवर पाठवायची. नवऱ्याचं म्हणणं, वेळ जागतिकच हवी, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची. "उद्या जर्मनीतलं गिऱ्हाईक आलं तर?" आमचं एकुलतं एक गिऱ्हाईक म्हणजे साजगावच्या पलीकडे राहणारी माझी मामी, तेही फुकटातलं. हे मी सांगून पाहिलं. त्यावर त्याने असं काही व्याख्यान झोडलं की मी कंटाळून हो म्हटलं. जर्मनी अजून यायची आहे.

मामीने त्या थंडीत पहिल्यांदाच पिल्लं आणली होती. मामाला हा उद्योग पसंत नव्हता. "यातलं एक जगायचं नाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, त्यामुळे मामीचा सगळा जीव त्या पिल्लांत अडकलेला. डबी लावून आठवडाही झाला नव्हता. एका पहाटे ती चहा टाकत असताना डबीचा पहिलाच निरोप आला: दिवे बंद, ००:१०. मामीला वाटलं, वीज मध्यरात्री जाऊन आली असेल, निरोप आत्ता पोचला. घरात तर लख्ख उजेड आहे. खरं तर शेडचा फ्यूज नुकता कुठे उडाला होता. ती चहा पिऊन, अंगण झाडून सावकाश शेडकडे गेली. तोवर गारठलेली पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती आणि तळाची काही गुदमरून मेली होती.

मामी फोनवर रडली. मला नवऱ्याचा असा संताप आला की मी त्याच्यापुढचा चहाचा कप उचलून मोरीत ओतला. तो वरमला, पण किती वेळ? फोन अजून चालू होता, तेवढ्यात म्हणतो कसा, "वाईटच झालं गं. पण मामींना सांग, फार काही नाही, साडेपाच तास मिळवायचे फक्त."

मामीने ते ऐकलं. तिचं रडं एकदम थांबलं. "बरं," ती म्हणाली, "जावईबापूंना सांग, रविवारी साडेसातला जेवाया या. गावठी कोंबडा करते."

नवरा खूश. रविवारी मी सकाळीच, लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून, मदतीला म्हणून पुढे गेले. मामीने मला सगळा बेत सांगितला आणि मी एका शब्दाने विरोध केला नाही. तो मात्र कोंबड्यासाठी पोट राखून, दुपारी ताकभातावर भागवून, संध्याकाळी बरोब्बर साडेसातला मोटरसायकलवरून हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

मामीने ताट मांडलं. पिठलं, भाकरी, कांदा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पत्र्याकडे पाहिलं.

"मामी, कोंबडा?"

"तो दुपारी एकला झाला की! आमी तुमची वाट बघितली, मग जेवलो. साडेसात म्हणलं होतं ना मी? साडेपाच तास मिळवायचे फक्त."

मामा भिंतीकडे तोंड करून हसत होता. रस्सा खरोखर फर्मास झाला होता, हे मी नवऱ्याला तिथे सांगितलं नाही, नंतर बऱ्याचदा सांगितलं.

"अहो, पण मला कसं कळणार?" नवरा कुरकुरला. "मी दुपारपासून उपाशी आहे."

मामीने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "तुमचं एक येळचं जेवण चुकलं, जावईबापू. माणूस तेवढ्यानं मरत नाय."

मामा हसायचा थांबला. नवऱ्याने तोडलेला घास खाली ठेवला, उठून हात धुतला आणि माझ्याकडे लॅपटॉप मागितला.