साडूभाऊंचे न हलणारे पैसे

माझ्या साडूभाऊंइतका आपल्या गावाला चिकटून बसलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडला नसता. पुण्याचं पाणी त्यांना मानवत नसे, नाशिकची हवा सोसत नसे आणि मुंबईचं तर नाव काढलं तरी पोट बिघडत असे. नात्यातल्या लग्नाला पुण्याला जायचं झालं की आहेराच्या पाकिटाआधी घरच्या पाण्याचा कॅन गाडीत चढे. एकदा आम्ही सगळे त्यांना आग्रह करकरून भंडारदऱ्याला घेऊन गेलो. धरण तुडुंब भरलेलं, लोक फोटो काढताहेत, आणि साडूभाऊ धरणाकडे पाठ करून कॅनमधलं नगरचं पाणी पीत बसलेले. "एवढं पानी एका जागी बघितलं की जीव घाबरतो," म्हणाले, "चला घरी." त्यांचं सगळं आयुष्य साखर कारखान्यात बॉयलरवर गेलेलं. त्या आवाजात बोलायची सवय लागल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी त्यांनी 'आमेन' म्हटलं की पुढच्या बाकावरची लेकरं दचकून रडत. फोनवर तर समोरचा माणूस जितका लांब, तितका त्यांचा आवाज मोठा. पारनेरच्या भावाशी ते बोलायला लागले की शेजारी खिडक्या लावून घेत.

असा हा माणूस सदुसष्टाव्या वर्षी थायलंडला कायमचं राहायला जायला निघाला.

त्याला कारण होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे एका हॉटेलात स्वयंपाकी होता. तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला होता, एक लहान मुलगी होती. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, आधीच वारलेली, त्यामुळे घरात साडूभाऊ एकटे. मुलाबद्दल त्यांची तक्रार एकच होती, की पोरगा आता भाकरीला नावं ठेवतो. एका पावसाळी संध्याकाळी मोटारसायकल घसरून तो पोरगा जागच्या जागी गेला. साडूभाऊंकडे पासपोर्ट नव्हता. कधी लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मुलाची शेवटची यात्रा त्यांनी आमच्या ओट्यावर बसून मोबाईलवर पाहिली. सुनेच्या धर्माप्रमाणे भगव्या वस्त्रातले भिक्खू काहीतरी म्हणत होते. आमच्या पाळकसाहेबांना जरा अवघडल्यासारखं झालं. साडूभाऊ मात्र म्हणाले, "म्हनू द्या. प्रार्थनाच हाय ना? मग झालं." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

सून बाजारात खाण्याची गाडी लावायची. नात दिवसभर गाडीमागे स्टुलावर बसून असायची. हे मोबाईलवर दिसायचं, आणि साडूभाऊंना दुसरं काही दिसेनासं झालं. "पोरीजवळ घरचं मानूस पायजे," एवढंच ते म्हणत.

नगरमध्ये व्हिसाची कामं करणाऱ्या एका माणसाकडे मी त्यांना घेऊन गेलो. त्यानं सांगितलं, टुरिस्ट म्हणून गेलात तर थोडेच दिवस राहता येईल. कायम राहायचं तर निवृत्त लोकांचा व्हिसा असतो. वय बसतं तुमचं. फक्त बँकेत ठरावीक रक्कम पाहिजे, तुमच्या एकट्याच्या नावावर, आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत ती हलता कामा नये.

"म्हंजे खर्चायचं न्हाई?" साडूभाऊंनी विचारलं.

"नाही. नुसते दाखवायचे."

"पोरगी दाखवायचा कार्यक्रम करत्यात, तसंच हाय म्हना की. नुसतं कांदेपोहे." मग रक्कम ऐकली आणि ते उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हाताऱ्यांना घेत्यात, पन गरीब म्हाताऱ्यांना न्हाई."

कारखान्याची पेन्शन मोबाईलच्या रिचार्जला पुरेल एवढीच. होतं ते दोन खोल्यांचं घर. मेव्हणीनं लावलेल्या सीताफळाच्या झाडासकट त्यांनी ते विकलं आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला आले. पैसे बँकेत गेले, आणि साडूभाऊंची श्रीमंतीतली उपासमार सुरू झाली. बँकेचा मॅनेजर उठून खुर्ची देई. खुर्चीत बसलेल्या या बड्या ग्राहकाच्या स्वेटरला दोन्ही कोपरांवर ठिगळं. चहाला कुणी पैसे मागितले की ते म्हणत, "हायेत, पन हालवायचे न्हाईत." चष्म्याची काडी तुटली ती त्यांनी दोऱ्यानं बांधली.

दाखले गोळा करायला मात्र त्यांना हुरूप होता. तिकडच्या सरकारला डॉक्टरकडून असंही लिहून हवं होतं, की या माणसाला हत्तीरोग नाही. डॉक्टर लिहीत असताना साडूभाऊंनी दोन्ही पाय टेबलावर ठेवले. "नीट बघून लिव्हा, डॉक्टर. पुन्हा वांधा नको." पोलिसांच्या दाखल्याला गेलो तर हवालदारानं त्यांना खालून वर न्याहाळलं. थायलंड म्हटलं की आपल्याकडे लोक गालात हसतात. "या वयात, बाबा?" तो म्हणाला. "व्हय," साडूभाऊंनी पोलीस ठाणं दणाणून सोडलं, "एका पोरीसाठी चाललोय." हवालदाराचं हसू फुटलंच. मग त्यांनी मोबाईल काढून ती पोरगी दाखवली. हवालदार उभा राहिला आणि त्यानं त्यांच्यासाठी चहा सांगितला.

मुदत भरत आली होती. त्याच सुमारास मला दिसायला लागलं, की साडूभाऊ जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंतीवरच्या पाली बघण्याचं नाटक करतात. ओट्यावर बसले की छातीवर हात. विचारलं तर "गॅस हाय" म्हणायचे. एका दुपारी अंगणातच खाली बसले, घामानं भिजलेले. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल, लगेच. कधीपासून दुखतंय, असं विचारलं तेव्हा साडूभाऊंनी माझ्याकडे बघायचं टाळून सांगितलं, "घर इकलं तवापास्नं." एवढे दिवस अंगावर काढल्यानं हृदय बरंच कमजोर झालं होतं.

खर्चाचा आकडा ऐकून ते डॉक्टरांना म्हणाले, "कापाकापी पुढच्या महिन्यात करा. एवढी मुदत भरू द्या."

डॉक्टर काही बोलायच्या आत माझी बायकोच कडाडली. मेव्हणी गेल्यापासून तिनं त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. "दाजी, पैसे दाखवायला माणूस जिवंत लागतो!"

"जिवंत हाय की अजून."

"पोरीनं बाप घालवलाय. आता तुम्ही तरी उरा."

त्यांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हात पुढे केला. मी बँकेची स्लिप धरली, त्यांनी पडल्यापडल्या सही केली. "हालले बघा," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पैसे जमवायची भाषा केली, पारनेरच्या भावानंही केली. साडूभाऊंनी दोघांनाही गप्प केलं. "उसन्या पैशानं नातीकडं जात न्हाई मी."

ऑपरेशन झालं, ते वाचले. उरलेली रक्कम त्या व्हिसाच्या जवळपासही जाणारी नव्हती. हिंडूफिरू लागल्यावर ते टुरिस्ट म्हणून गेले. विमानतळावर कॅन काढून घेतला, तेव्हा जरा वाद झाला म्हणे. जेवढं राहू देतात तेवढं राहून परत आले, वाळलेले आणि काळवंडलेले. फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, गाडीमागे बसून लसूण सोलायचो, नात शेजारी बसायची, गप्पा चालायच्या. "गप्पा? कुठल्या भाषेत?" मी विचारलं. "आपल्याच की. मला दुसरी कुठली येतीय? बापाकडनं थोडी येतच हुती तिला." निघायच्या दिवशी ते नात शाळेत असताना निघाले. ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं. "सांगून निघायला पायजे हुतं," असं मध्येच, जेवतानासुद्धा म्हणायचे.

पुन्हा जायचं म्हणत होते. त्या थंडीत एके सकाळी ओट्यावर उन्हात बसल्याबसल्याच गेले. बँकेत उरलेलं नातीच्या शाळेसाठी पोचतं झालं.

आता रविवारी चर्चमधून आल्यावर माझी बायको तिकडे फोन लावते. सून समोर येऊन हात जोडते, हसते. तिला आमचं काही कळत नाही, आम्हाला तिचं. मग ती पोरगी येते. शाळेचा गणवेश, कपाळावर सरळ कापलेले केस. आमच्या नगरच्या शाळांतली मुलंसुद्धा आता बोलत नाहीत, तशी ती बोलते.

"जेवली का गं?" बायको विचारते.

"व्हय, जेवले. तुमी?"

तिच्या गावात ही भाषा कळणारं आता कुणी नाही. एकदा बायकोनं विचारलं, मराठी तू कुणाशी बोलतेस? पोरीला प्रश्नाचं नवल वाटलं.

"तुमच्याशी," ती म्हणाली. "आनि रविवारची वाट बघती."