ढेमशाची गोळी

रंगनाथ नानांनी सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीचं काम केलं. केसाएवढा फरक दिसला तरी समोरच्याचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, बाजूला फेकायचे. त्यामुळे आमच्या कॉलनीत नळाच्या वायसरपासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळं नानांकडून पास करून घ्यायची पद्धत. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी बंद, खोटं बोलणं बंद. निदान तसा आमचा समज होता.

सून प्रतिभानं रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं, तेव्हा नानांनी ते बघताक्षणी नापास केलं. ठेंगणं, गोल, अंगावरचे केस गेलेले, पोट कायम बिघडलेलं. नाव पडलं ढेमसा. डॉक्टरांनी पोटासाठी जेवणात कालवायची पावडर दिली आणि कातडीसाठी रोज सकाळी तेलाची एक गोळी. प्रतिभाला सातची कंपनीची बस. निघण्याआधी ती पोळी-तुपाच्या लाडवात गोळी दडवून वाटीत ठेवायची. भरवायचं काम नानांचं.

दोन महिन्यांत ढेमसा असा चकाकायला लागला की नानांना चक्क त्याचा हेवा वाटला. त्यांच्या स्वतःच्या कोपरांना वर्षभर खाज. मलमं थकली, नखं झिजली. एके सकाळी त्यांनी दार लोटलं, लाडू फोडला, गोळी काढून पाण्याबरोबर गिळून टाकली. ढेमशाला नुसता लाडू. त्यानं शेपूट हलवून तो पास केला.

मग रोजचंच झालं. नानांची कोपरं मऊ पडली, किंवा त्यांना तसं वाटलं. ढेमसा मात्र महिन्याभरात पुन्हा भिंतीला अंग घासायला लागला.

“ताई, औषध पोटात जात नाहीये,” डॉक्टर प्रतिभाला म्हणाले. “खाडे करता का?”

“नाही हो, रोज माझ्या हातानं लाडू करते. विचारा नानांना.”

नाना दवाखान्याच्या भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत म्हणाले, “सकाळची घाई असते तिला. एखाद्या दिवशी राहून जायचं.”

घरी आल्यावर सासूबाईंना, म्हणजे वत्सलाबाईंना, तेवढंच निमित्त पुरलं. “जमत नसेल तर दे पाठवून देवळ्याला, भारतकडे. कांद्याच्या चाळीवर राखण तरी करेल.” प्रतिभा भांडली असती तर नानांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “माझंच काहीतरी चुकत असेल, आई.” त्या दिवशी नानांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी वत्सलाबाईंचा भाऊ भारत पिकअप घेऊन हजर. प्रतिभानं वाटी, पावडरीचा डबा, गोळ्यांची बाटली पिशवीत भरली. “मामा, गोळी पोळीत लपवूनच द्या बरं का. माशाचं तेल आहे, वास मारतं.”

नानांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला.

“दाजी, घाम का फुटला?” भारत हसला. “तुम्हाला थोडीच खायचीय!”

गाडी सुरू झाली. तेवढ्यात ढेमशानं हौद्यातून उडी टाकली आणि रोजच्या सवयीनं नानांसमोर तोंड उघडून बसला. लाडवाची वेळ झाली होती.

“भारत, गाडी बंद कर.” नाना म्हणाले. “सूनबाईनं एक दिवसही खाडा केला नाही. गोळ्या मी खाल्ल्या.”

“कोणाच्या?” वत्सलाबाई.

“ढेमशाच्या.”

“अगं बाई! माशाच्या?”

भारत स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. समोरच्या चार खिडक्या उघडल्या. प्रतिभा हसली नाही. “खाल्ल्या तर खाल्ल्या, नाना. पण डॉक्टरांसमोर माझ्यावर का ढकललं?”



ढेमसा राहिला. माळ काढून नानांनी देवासमोर ठेवलीय. परत घालायचा धीर होत नाही. त्यांना बघून पोरंटोरं भुंकतात, थोरही मागे नाहीत. तेही नाना खाली मान घालून सोसतात. जड जाते ती सकाळ. आता प्रतिभा स्वतःच ढेमशाला लाडू भरवते, बस कोपऱ्यावर हॉर्न देत असली तरी.

“दे, मी देतो,” परवा नाना दारातून म्हणाले. “बस जाईल तुझी.”

“राहू द्या, नाना,” ती चप्पल घालत म्हणाली. “एखाद्या दिवशी राहून जायचं.”