त्याच्यासाठी ठेवलेले टायर

सीताबर्डीतल्या टायरच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरवर होतो. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याला कोणता टायर लागेल ते मला कळतं, असा माझा तोरा होता. आधी विचारायचं, गाडी धावते कुठं? घर ते कचेरी फियाट चालवणाऱ्याला मऊ, आवाज न करणारा टायर. खाणीकडे जाणाऱ्या जीपला खोल नक्षीचा. गिट्टीच्या रस्त्यानं माणसं वाहणाऱ्या टॅक्सीला जाड आणि भक्कम. मालकसुद्धा मला विचारून माल मागवायचे.

सत्तर साल उलटल्यावरच्या त्या दिवसांत नव्या टायरची टंचाई होती. पारशिवनीकडचा एक टॅक्सीवाला महिनाभर खेपा घालत होता. त्याची गाडी अॅम्बेसेडर. "दसऱ्याले गावची मंडळी दीक्षाभूमीवर आणाची आहे, भाऊ. नऊ जण बसतीन. दिसाले कसाही असू द्या, टायर मजबूत पाह्यजे." त्याला हवे तसे दोन टायर आले तेव्हा मी ते माळ्यावर बाजूला ठेवले आणि त्याला निरोप धाडला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी रामदासपेठेतले एक डॉक्टर आले. त्यांचीही अॅम्बेसेडरच, पण ती घर आणि दवाखाना यापलीकडे जात नसे. टायर अजून वर्षभर सहज चालले असते. उद्या गाडीची पूजा, नवे टायर शोभून दिसतील, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या बायकोला अडलेल्या बाळंतपणातून त्यांनीच वाचवलं होतं. त्यांनी त्याचा उच्चारही केला नाही. लाळघोटेपणा माझाच. माळ्यावरचे टायर उतरवून मी त्यांच्या गाडीला बसवून दिले. ते "छान" म्हणाले तेव्हा मला बरंही वाटलं.

दुपारी टॅक्सीवाला आला. त्याला मी रिमोल्ड दिले, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले. तापल्या रस्त्यावर, भरल्या गाडीखाली ते रबर सालीसारखं सुटू शकतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"हेच आले का, भाऊ?" त्यानं विचारलं.

"हेच. फक्त जास्त माणसं बसवू नको गा."

हे मी त्याच्या काळजीनं बोललो नाही. उद्या काही झालंच तर माझ्या अंगाशी येऊ नये म्हणून बोललो.

दीक्षाभूमीहून परतताना पुढच्या चाकाचं रबर सुटलं आणि गाडी झाडावर गेली. जिवानिशी कुणी गेलं नाही. पुढे बसलेल्या त्याच्या बायकोचा उजवा हात चेंगरला. ती गावात बायकांचे ब्लाउज शिवायची.

दिवाळीनंतर तो दुकानात आला. भांडायलाच आला असणार, म्हणून मी मनात उत्तरं जुळवून ठेवली. तो स्टुलावर बसला.

"तिची तीन बोटं आता वळतच नाही," तो म्हणाला. "मशीन विकून टाकली. तुम्ही सांगतलं होतं, भाऊ. मीच नऊ जण कोंबले. तुमचं आयकलं असतं तं तिचा हात वाचला असता."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तुझे टायर मी दुसऱ्याला दिले, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही असतील. आता खात्रीनं सांगवत नाही. मी म्हणालो ते असं:

"सांगतलं होतं न तुले. काहून नाही आयकलं गा?"

"चुकलं, भाऊ," तो म्हणाला, आणि मला हात जोडून गेला.