टिबुकलीचा ग्रुप फोटो

"थांबा, एक जण ऱ्हायी गया!" असं ओरडत हात वर करायचा आणि कॅमेऱ्याचं बटण काही दाबायचं नाही, ही भाऊंची सवय. चोपड्यात तुमचं लग्न झालं असेल, तर त्या वर गेलेल्या हाताकडे बघत तुम्हीही घाम पुसला असेल.

भाऊंचा फोटो स्टुडिओ माझ्या औषधांच्या दुकानाला लागून. तरुणपणी त्यांनी पारोळ्याच्या एका लग्नात घाईघाईने ग्रुप फोटो काढला. नवरदेवाचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, तेव्हा हात धुवायला गेले होते. फुवा असे रुसले की वऱ्हाडाच्या गाडीत बसेनात. मांडव उतरवणाऱ्यांना थांबवून सगळ्यांना पुन्हा उभं केलं, तेव्हा कुठे गाडी हलली. भाऊंनी त्याचा धसकाच घेतला.

साठीनंतर लग्नं मुलाकडे सोपवून भाऊ पाखरांच्या मागे लागले. मला म्हणाले, "पाखरं बरी. अल्बम कव्हय भेटी, आसं ईचारतस नही."

गावाबाहेरच्या तलावात टिबुकली राहते. मुठीएवढं पाणपाखरू, पण भारी चलाख. तिची पट्टेरी पिल्लं पहिले काही दिवस आईच्या पाठीवर बसून हिंडतात. आईच्या मनात आलं की ती बुडी मारते, आणि खेळ खलास. भाऊंना हाच फोटो हवा होता, दुसरा कुठलाच नको. दर पावसाळ्यात माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते निघायचे.

लपायला आम्ही केळीच्या हिरव्या पानांचा आडोसा करायचो. एकदा टिबुकली पुढून आली आणि मागून कुणाच्या तरी बकऱ्या आल्या. भाऊ कॅमेऱ्यात डोळा खुपसून होते. बकऱ्यांनी सगळा आडोसा फस्त केला, आणि भर उजेडात भाऊ पालथे पडलेले टिबुकलीला दिसले. त्या दिवशी बकऱ्यांचे फोटो मात्र झकास आले.

बकऱ्या नसल्या तरी फोटो होईना. पिल्लं चार. तीन पाठीवर चढायची आणि चौथं मागे रेंगाळायचं. मी कुजबुजायचो, "भाऊ, दाबा!" भाऊंचा हात वर.

"त्याले चढू दे ना भो!"

तेवढ्यात आई पाण्याखाली. एकदा मी वैतागून म्हणालो, "भाऊ, ते काही फुवा नाही. रुसणार नाही ते."

"तुले काय म्हाईत?" भाऊ म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात भाऊंना दम लागायला लागला. डॉक्टरांनी चिखलात जायची मनाई केली होती, पण पिल्लं निघाली म्हटल्यावर ते कसले ऐकतात. पहिल्या दिवशी चारही दिसली, आणि नेहमीसारखा फोटो हुकला. दुसऱ्या दिवशी टिबुकली आली तेव्हा पाठीवर तीन होती आणि मागे कोणीच नव्हतं. बगळ्याने उचललं की सापाने, कोण सांगणार.

भाऊंचा हात वर गेला. टिबुकली त्या दिवशी बुडी मारायलाच विसरली होती. ती आमच्यासमोर गोल गोल फिरत राहिली.

"भाऊ, ते येणार नाही आता," मी म्हणालो.

हात सावकाश खाली आला. भाऊंनी कॅमेरा जरासा बाजूला सरकवला आणि बटण दाबलं.

मी फोटो बघितला. आई आणि तीन पिल्लं पार डाव्या कडेला, बाकी सगळं मोकळं पाणी. मी म्हणालो, "फोटो एका बाजूला गेला की हो."

"त्यानासाठी जागा सोडेल शे," भाऊ म्हणाले आणि गुडघ्याचा चिखल पुसायला लागले.

दिवाळीनंतर भाऊ गेले. तो फोटो मुलाने स्टुडिओत लावलाय. गिऱ्हाईकं त्याला शहाणपण शिकवतात, "उजवीकडचं पाणी काप, पाखरं मोठी दिसतील." तो हो म्हणतो आणि कापत नाही. दुकान बंद करताना मी रोज त्या मोकळ्या पाण्यासमोर थोडा वेळ थांबतो. भाऊंची फार आठवण येते.