ब्रेकेसरांचं खोपटं आणि नॉरीनबाईंची सुनावणी

मिनेसोटातल्या त्या गावात नॉरीन लुंडबर्गबाईंच्या न्यायाला सगळे वचकून असत. बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या आणि ऑनर सोसायटी सांभाळायच्या. चांगले मार्क आणि चांगली वागणूक असलेल्या मुलांची ती सोसायटी. तिच्यात नाव असलं की बारावी संपताना शेवटच्या समारंभात गळ्यात पांढरा पट्टा मिळे आणि आजीआजोबा डोळे पुसत. कुणाला काढायचं तर बाईंचा नियम पक्का: आधी लेखी कळवा, मग पाच शिक्षकांसमोर त्याचं म्हणणं ऐका, मगच मत द्या. घरीही तेच. मांजरानं लोणी चाटलं तेव्हा बाईंनी त्यालाही समोर बसवून विचारलं होतं.

"ते गप्प बसलं म्हणून सुटलं," नवरा आर्विड सांगायचा. "मी बोलतो, म्हणून दरवेळी अडकतो!"

मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ पिचायला लागतो. मासे धरायला बर्फावर उभी केलेली लाकडी खोपटी त्याआधी ओढून काढावी लागतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांची खोपटी सोसायटीची मुलं काढून देत. त्या मंगळवारी बारावीतल्या टोवा हाउगेननं मागे राहिलेलं एक हिरवं खोपटं पिकअपला बांधलं आणि घाईघाईनं शाळेच्या आवारात आणून उभं केलं. जेवणाची सुट्टी होती, सगळी शाळा बाहेर. खोपट्याचं दार उघडलं आणि आतून चक्क मुख्याध्यापक ब्रेकेसर उतरले! अंगात लोकरीची लांब चड्डी, हातात गळ, गालावर उशीचे वळ.

"हवा बरी आहे आज," खेळाचे व्हर्न मास्तर म्हणाले.

"हो, बरी आहे," सर म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

माणसं इतकी भिडस्त, की शाळेच्या दिवशी भर दुपारी सर तळ्यावर काय करत होते, हे एकानंही विचारलं नाही. सर मात्र थोड्याच वेळात पँट घालून बाईंच्या वर्गात थडकले.

"आजच्या आज सोसायटीतून काढा त्या पोरीला! मुद्दाम केलंय तिनं!"

"सुनावणी होईल, सर."

"सुनावणी कसली डोंबलाची? सगळ्या शाळेनं पाहिलंय!"

"शाळेनं तुम्हाला पाहिलं," बाई म्हणाल्या. "तिचं अजून कुणी ऐकलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी टोवाच राजीनामा घेऊन आली. डोळे रडून लाल झाले होते.

"अगं, एकदा सोडलंस की परत येता येत नाही. ठाऊक आहे ना?"

"आहे, बाई."

"मग कशाला सोडतेस?"

"आत कुणी नाही असं मला का वाटलं, ते सांगावं लागेल. ते बरं नाही दिसत."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मंगळवारी सकाळी भोंग्यावरून सगळ्या शाळेनं ऐकलं होतं: सर मीटिंगसाठी राजधानीत, सेंट पॉलला गेलेत. म्हणजे त्यांचं खोपटं रिकामंच असणार! सर खोटं बोलले, असं म्हणण्यापेक्षा ही शहाणी पोर पट्टा सोडायला निघाली होती! बाईंना तिची दया आली आणि एक सणसणीत द्यावीशीही वाटली. त्यांनी राजीनामा कॉफीच्या कपाखाली सारला.

"सुनावणीआधी मी हा वाचत नाही. जा!"

सुनावणीला पाच शिक्षक होते, तक्रार मांडायला सर होते आणि लिंबाच्या वड्यांचं ताट होतं. शेवटची वडी घेणं म्हणजे हावरटपणा, म्हणून जो तो तिचा अर्धा भाग कापून उरलेला ठेवत होता. टोवाला दोनदा विचारलं, पण ती बुटांकडेच बघत राहिली. सर समोरच बसलेले, म्हणून भिडेपोटी त्यांनाही कुणी काही विचारेना. मतांच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. बाईंना स्वतःला मत द्यायचा अधिकार नव्हता. आपण गप्प बसलो तर पोर गेली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला चारचौघांत अडचणीत आणलं नव्हतं. त्यांचे कान तापले.

"ब्रेकेसर, मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

व्हर्न मास्तरांच्या हातून सुरी पडली.

"सेंट पॉलला... निघालो होतो."

"तळ्यावरून?"

सरांनी टोवाकडे पाहिलं. तिनं मान आणखी खाली घातली, जणू खोटं तिनंच सांगितलं होतं. सरांचा चेहरा उतरला.

"नव्हतो निघालो," ते म्हणाले. "मासे धरत होतो. सेंट पॉलचं मीच सांगायला लावलं होतं. आत मी असेन हे हिला कसं कळणार?"

"मी दारही वाजवलं होतं, सर," टोवाला अखेर कंठ फुटला. "पण आतून असा घर्रर्र आवाज आला, की मला वाटलं बर्फच फुटतोय. म्हणून घाई केली. तुम्ही घोरत होतात, हे नंतर कळलं."

क्षणभर सगळ्यांनी ओठ दाबून धरले. मग पहिल्यांदा सरच खदखदून हसले, आणि सगळी खोलीच हशानं फुटली. पाचही मतं टोवाच्या बाजूनं पडली.

बाईंनी राजीनामा टराटरा फाडला. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात मात्र जरब.

"चूक नसताना पुन्हा राजीनामा आणलास ना, टोवा, तर त्याच गुन्ह्यासाठी मी स्वतः तुझी सुनावणी लावीन. आणि गप्प बसलीस तर सुटशील, असं समजू नकोस. तू मांजर नाहीस!"