आतली कडी

पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, रुळांवरची प्रेतं उचलली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण निवृत्तीच्या थोडं आधी भिलाईत हाताळलेली एक केस मात्र पुसली जात नाही. त्या केसमध्ये रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी तिच्याइतकी भीती मला दुसऱ्या कुठल्याही केसमध्ये वाटली नव्हती. त्यातली माणसं आजही याच गावात राहतात, म्हणून नावं सांगणार नाही.

मी तेव्हा थाना प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे शिपाई घरी निघाले होते. तेवढ्यात एक मुलगी आत आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारी. मागोमाग तिचे वडील. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्य कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये काढलेले आणि आता बोरसीला स्वतःचं घर बांधून राहणारे वैदर्भीय गृहस्थ. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली आणि पहिलं वाक्य हिंदीत बोलली, "सर, प्लीज मुझे पागल मत समझिए."

"मराठीत बोल बेटा, मी दुर्गचा मराठीच आहे," मी म्हटलं.

मग ती बोलू लागली. हायवेजवळच्या एका नव्या उंच इमारतीत, दहाव्या मजल्यावर तिनं स्टुडिओ फ्लॅट भाड्यानं घेतला होता. स्टुडिओ म्हणजे नाव मोठं, पण खोली एकच. त्यातच पलंग, त्यातच ओटा, त्यातच फ्रिज, बाजूला बाथरूम आणि पुढे हातभर बाल्कनी. भाडेकरूची नोंद आमच्या ठाण्यात रीतसर झालेली होती. क्लास संध्याकाळी उशिरा सुटतात, बोरसीला रोज जाणं-येणं जमत नाही, म्हणून तिनं वडिलांना महिनोन्महिने विनवून हे घर मिळवलं होतं.

"सुरुवातीले वाटलं, माझाच भास आहे," ती सांगत होती. "चादरीवर कोणी बसल्यासारखी घडी पडलेली असायची. सिंकमध्ये ओला ग्लास. घरात घालायची स्लिपर मी दाराशी ठेवते, ती पलंगाजवळ दिसायची. कुलूप बदलवलं. तरी तेच सुरू. आता घरी गेली की आधी पलंगाखाली पाहते सर, मग लाईट लावते."

"आधी का नाही आलीस?"

तिनं वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सांगितलं असतं तर त्याच दिवशी सामान बांधून तिला बोरसीला नेलं असतं, हे मला न सांगताच कळलं.

ती ठाण्यात आली ती सोसायटीच्या सेक्रेटरीमुळे. या नव्या इमारतींमध्ये लिफ्ट बंद पडली तर आठवडाभर कोणी विचारत नाही, पण एकट्या मुलीच्या घरी कोण येतं-जातं यावर सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. आदल्या दिवशी सेक्रेटरीनं तिला खाली लॉबीत, चार लोकांसमोर अडवलं होतं. "मॅडम, यह फॅमिलीवालों की बिल्डिंग है. दोपहर में आपकी बाल्कनी में जो आदमी खडा रहता है, उसको मना कीजिए." समोरच्या विंगमधल्या एका बाईनं तक्रार केली होती. चेहरा दिसला नव्हता, पण माणूस होता, आणि एकदा नव्हे, अनेकदा दिसला होता.

दुपारी ती क्लासमध्ये असायची.

"सर, माझी बदनामी झाली त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण म्हणजे तो खरंच येते. मी वेडी नाही झाली." असं म्हणून ती रडायला लागली. बदनामी करायला निघालेल्या बाईनं आम्हाला पक्की खबर दिली होती, आणि हे तिच्या गावीही नव्हतं.

माझ्या एका हवालदाराला हे प्रेमप्रकरण वाटलं. मला नाही वाटलं. खोटं बोलणारा माणूस पाठ केल्यासारखं ओळीनं सांगतो. घाबरलेला माणूस मागचं पुढं करतो आणि स्लिपरसारख्या क्षुल्लक गोष्टीवर पुन्हा पुन्हा येतो. ही तशीच येत होती.

तपास सुरू केला. दार आपोआप लागणाऱ्या लॅचचं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कुठे खरचटल्याची खूण नाही. कॅमेरे लिफ्टमध्ये आणि लॉबीत, मजल्यांवर नाहीत, आणि दुपारच्या वेळी कोणी परका माणूस वर गेलेला दिसत नाही. फ्लॅटचा मालक रायपूरला, त्याच्याकडे जुन्याच कुलपाची किल्ली. तिचं लग्न ज्याच्याशी ठरून मोडलं होतं तो मुलगा बंगलोरला असतो असं कळलं, आणि तो खरोखरच तिथे होता. इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला ठाण्यात बसवून उलटसुलट विचारलं. तो बिचारा इतका घाबरला की त्यानं जिन्यातले बल्ब घरी नेल्याचंही कबूल करून टाकलं. त्याला समज देऊन सोडला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची हौस मला कधीच नव्हती.

त्याच मजल्यावर, तिच्या दारासमोरच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ एकटेच राहत. साठी ओलांडलेले, पांढरेशुभ्र कपडे, मुलगा परदेशात. तेही कारखान्यातलेच, आणि मराठी. त्यांची जबानी मी त्यांच्याच सोफ्यावर बसून घेतली. "पोरगी गुणाची आहे साहेब," ते म्हणाले. "एकटी राहते म्हणून मी लक्ष ठेवून असतो." चहा चांगला होता. मी आभार मानून निघालो.

किल्ल्यांचा प्रश्न मी बापलेकीला पहिल्याच दिवशी विचारला होता. नव्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?

"माझ्याजवळ आणि बाबांजवळ," मुलगी म्हणाली.

"घरच्यांशिवाय कोणाजवळच नाही साहेब," वडिलांनी ठासून सांगितलं होतं. ते खोटं बोलत नव्हते, हे आजही छातीठोक सांगेन.

तपास अडला तेव्हा मी त्यांच्याकडची किल्ली पाहायला बोरसीला गेलो. कोणी तिचा साच्यात ठसा घेतला असेल तर किल्लीवर खूण राहते. आम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात शेजारची बाई फाटकातून म्हणाली, "भाऊजी, चाबी द्या जी." त्यांनी मागे वळूनही न पाहता हात लांब केला, खिळ्यावरची किल्ली काढून तिला दिली आणि माझ्याशी बोलणं चालू ठेवलं. मी भिंतीकडे पाहिलं. खिळ्यांची ओळ होती आणि एकेका खिळ्यावर एकेक किल्ली.

"या कोणाच्या?"

"गल्लीतल्या लोकांच्या," ते हसून म्हणाले. "सेक्टरमध्ये असंच होतं ना साहेब. आपली शिफ्ट, बायको बाजारात, पोरं शाळेत. चाबी शेजारीच राहायची. आपली त्यांच्याजवळ, त्यांची आपल्याजवळ. तीच सवय आहे."

मी कप खाली ठेवला. मीही अशाच घरात वाढलोय. किल्ली शेजारी ठेवली म्हणजे ती कोणाला दिली असं आमच्याकडे कोणी मानत नाही, ती घरातच असते.

"भाऊ," मी हळूच विचारलं, "तिकडे पोरीच्या शेजारी कोण आहे?"

त्यांचा चेहरा आधी तसाच राहिला. मग सगळं लक्षात येत गेलेलं मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं आमचं झालं होतं, पण हसण्याची ती वेळ नव्हती.

"समोरचा तो आपल्यातलाच आहे साहेब," ते कसेबसे म्हणाले. "कारखान्यात आमच्याच शॉपमध्ये, आमच्याच खात्यात होता. पोरगी राहाले गेली त्याच दिवशी मी चाबी ठेवली त्याच्याकडे. गॅस सुरू राहिला, नळ सुरू राहिला, तर कोणी पाहिजे ना? मग कुलूप बदलवलं तर त्यानंच फोन केला. म्हणे, भाऊ, जुनी चाबी घेऊन जा, आता काय कामाची. मले वाटलं, किती सरळ माणूस. मी नवीन देऊन आलो."

"मुलीला सांगितलं नाहीत?"

"तिले आवडलं नसतं. आणि सांगायचं काय त्यात?"

किल्ली जवळ असणं हा गुन्हा नाही. माणूस आत सापडायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मुलगी नेहमीसारखी क्लासला गेली. समोरचे ते गृहस्थ फिरायला खाली उतरले तेवढ्या वेळात मी वडिलांच्या किल्लीनं दार उघडून माझ्या महिला हवालदाराला आणि एका शिपायाला तिच्या फ्लॅटमध्ये बसवलं. मी खाली पार्किंगमध्ये साध्या गाडीत होतो. ही हवालदार बाई तशी धीट होती, जत्रेत चाकूवाल्याला एकटीनं धरलेली. दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला आधी ओळखूच आला नाही.

"सर, आतली कडी पाहिली. कडी ठीक आहे. पण चौकटीवर ती ज्याच्यात बसते ना, तो कोयंडा हातात आला माझ्या. स्क्रू कापले आहेत सर. नुसती डोकी गोंदानं चिकटवली आहेत."

लॅच त्याच्याकडच्या किल्लीनं उघडत होता. राहिली होती ती ही एक कडी, जी लावून ती पोरगी रोज रात्री झोपत होती. दार नुसतं खांद्यानं ढकललं असतं तर उघडलं असतं. दुपारचं येणं ही फक्त तयारी होती. कोणत्या रात्रीची, हे त्यालाच ठाऊक.

मी वर निघालो. मी लिफ्टमध्ये असतानाच तो फ्लॅटमध्ये शिरला. पुढचं मला हवालदार बाईनं सांगितलं. दोघं बाथरूमच्या दाराआड उभे होते. त्यानं दार उघडलं, चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि त्या मुलीच्या स्लिपर पायात सरकवल्या. पाणी प्यायला. मग पलंगाच्या कडेला बसून रिकाम्या खोलीशी बोलू लागला. "आज लवकर ये गं. किती दमून राहिली तू. आता थोडेच दिवस."

ते दोघं बाहेर आले तेव्हा तो दचकलासुद्धा नाही. "तुम्ही कोण?" त्यानं विचारलं. "इथं कसे शिरले?"

ठाण्यात चौकशीला बसवलं तरी तसाच शांत. "बापानं स्वतः चाबी दिली आहे. लक्ष ठेवत होतो. यात गुन्हा काय?" त्याचा सगळा भरवसा या एका वाक्यावर होता आणि मला मान्य करावं लागेल, वाक्य भक्कम होतं. हात उगारून काही मिळालं नसतं. अशा माणसाला बोलू द्यावं. तो बराच वेळ शेजारधर्मावर बोलला. दरम्यान त्याच्या घराची झडती झाली. औजारांच्या डब्यात हॅकसॉचं पातं आणि एका कागदाच्या पुडीत स्क्रूंचे कापलेले तुकडे निघाले. त्यानं ते जपून ठेवले होते. पंचनामा करून ती पुडी मी त्याच्यासमोर टेबलावर उघडली.

"हे कशाला कापले?"

पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "ती आतून कडी लावते! मी समोर असताना! आपल्या माणसांत कोणी आतून कडी लावते काय साहेब?"

लिहून घेणाऱ्या शिपायाचा हात थांबला होता, त्याला मला सांगावं लागलं की लिही. त्यानंतर तो माणूस सगळं बोलला. ते इथे लिहिण्याची माझी इच्छा नाही.

बापलेकीला मी माझ्या खोलीत बसवून सांगितलं. वडील उठून उभे राहिले. "मीच दिली चाबी, बेटा," एवढंच ते तीन-चारदा म्हणाले. मला वाटलं, पोरगी ओरडेल, नाहीतर त्यांच्या गळ्यात पडेल. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिनं हात पुढे केला.

"बाबा, तुमच्याजवळची पण द्या."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. आता बोरसीला चल, असं ते म्हणाले नाहीत.

नोकरीत मी लोकांना हजारदा बजावलं की अनोळखी माणसापासून सावध राहा. या केसनं माझा उपदेश अर्धवट ठरवला. सेक्टरमधला तो विश्वास खोटा नव्हता. तिथे शेजाऱ्याला वर्षानुवर्षं रोज पाहिलेलं असायचं, त्याच्या घरातलं भांडणही भिंतीतून ऐकू यायचं. दहाव्या मजल्यावर तोच विश्वास आपण नुसत्या भाषेवर आणि जुन्या नोकरीवर टाकून मोकळे होतो. आणि ज्याच्या घराची किल्ली, त्याला न विचारता ती दुसऱ्याकडे ठेवायचा हक्क कोणालाच नाही, बापालाही नाही. आता भाडेकरूंना मी एवढंच सांगतो की कुलूप बदला, आणि आतली कडी महिन्यातून एकदा स्वतः ओढून पाहा.

मध्यंतरी ते वडील बोरसीच्या भाजीबाजारात भेटले. खटला चालू आहे. मुलगी भिलाईतच, दुसऱ्या इमारतीत एकटी राहते. मी विचारलं, जाता का तिच्याकडे?

"दर रविवारी जातो साहेब. बेल वाजवतो. ती आतून विचारते, कोण? मी म्हणतो, बाबा." पिशवी या हातातून त्या हातात घेत ते थोडं थांबले. "तरी लवकर नाही उघडत. दाराच्या त्या काचेतून आधी पाहते. मंग मी तोंड वर करून उभा राहतो. तिले नीट दिसलं पाहिजे ना."