सुताराची शिडी

गल्लीत त्याचं खरं नाव विचाराल तर लोक डोकं खाजवतील. ‘आत्तादेतो’ म्हणालात, की शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. मागून नेलेली वस्तू परत मागायला कुणी आलं, की हा हसून म्हणायचा, “आत्ता देतो!” आणि ते ‘आत्ता’ काही केल्या उजाडायचं नाही. गंमत म्हणजे हा गृहस्थ वाचनालयात कारकून. पुस्तकांवर परतीच्या तारखेचा शिक्का मारणं हेच काम. पुस्तक जरा उशिरा आलं, की चष्म्यावरून असा बघायचा, की वाचकाला वाटावं आपण दरोडाच घातला.

घरी मात्र पत्र्याखालच्या माळ्यावर गल्लीचं निम्मं सामान सुखानं नांदत होतं. चोर नव्हता हो बिचारा. आणायचा उत्साह, परत न्यायचा कंटाळा, एवढंच. पण सुताराच्या शिडीपाशी गाडं फसलं. सुतार हेलपाटे घालून दमला, तसा एकदा वैतागला. त्याचा आवाज चढला आणि हा घाबरून बोलून बसला, “शिडी? कुठली शिडी? आईशप्पथ, मी तुझी शिडी पाहिलीसुद्धा नाही!”

बायको आतून म्हणाली, “अंगाशी येईल हं एक दिवस.”

“आपल्या माळ्यावर कोण डोकावतंय?”

वारा डोकावला.

भर दुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं, वीज कडाडली आणि असा सोसाटा सुटला, की डॉक्टरांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गडगडत चौकात फिरायला गेली. विजेचा खांब शिंपिणीच्या दारात लोटांगण घालून पडला. सुताराच्या दुकानावर झाड आडवं झालं. घरोघरचे पत्रे उचकटले. आत्तादेतोचे तर डब्याचं झाकण काढावं तसे निघाले, जाताना माळ्याच्या दर्शनी फळ्याही घेऊन गेले. माणसं तेवढी धडधाकट राहिली.

वारा पडल्यावर गल्ली बाहेर आली. कुणाचं किती गेलं ते बघता बघता सगळ्यांच्या माना याच्या घरापाशी वर गेल्या, त्या खाली येईनात.

“अगंबाई, माझी ताडपत्री!” शिंपीण किंचाळली.

“तो पान्हा माझा!” नळवाला म्हणाला. “मी आपला वर्षभर बायकोवर आळ घेतोय!”

सुतारानं नुसतं बोट दाखवलं. चादरीतून शिडीचं टोक बाहेर आलं होतं, त्यावर त्याच्या बापाचं नाव कोरलेलं.

आत्तादेतो पुटपुटला, “वाऱ्यानं आली असेल.”

“हो का?” सुतार म्हणाला. “आणि चादरीत गुंडाळून दोरीही वाऱ्यानंच बांधली?”

गल्लीनं त्याला सोलूनच काढलं असतं, पण वेळ कुणाला होता? ज्याचं त्याचं छप्पर उघडं, सुताराची हत्यारं झाडाखाली गाडलेली. गल्लीतल्या हातोड्या, दोर, पान्हे, जे काही शाबूत होतं ते याच्याच माळ्यावर. हा वरून एकेक वस्तू खाली देऊ लागला. हाताला वळण वाचनालयाचं; तोंडातून गेलंच, “जपून वापरा, आणि वेळेवर परत—” बायकोनं डोळे वटारले, तसं उरलेलं गिळलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची घरं झाकली. याचं तेवढं उघडं. बायको गादीची वळकटी करून, वर छत्री धरून बसलेली. आणि ढग पुन्हा दाटून येत होते. शेवटी तो मान खाली घालून सुतारापुढे उभा राहिला.

“भाऊ, जरा शिडी...”

“आत्ता देतो,” सुतार म्हणाला.

गल्ली खो-खो हसली. हा घरी परतला. जरा वेळानं बघतो, तर सुतार शिडी खांद्यावर घेऊन दारात, मागून नळवाला पत्रे ओढत.

“तुझ्यासाठी नाही,” सुतार म्हणाला. “वहिनी भिजतील म्हणून. चढ वर, खिळे ठोक!”

बोटांवर घाव खात त्यानं एकदाचा शेवटचा खिळा ठोकला. खाली पाय सोडला, तर पायरी लागेना. शिडी कुशीत घेऊन सुतार पलीकडच्या ओट्यावर बसलेला.

“अरे, शिडी!”

“कुठली शिडी? आईशप्पथ, मी पाहिलीसुद्धा नाही!”

एव्हाना वारा पुन्हा भुरभुरू लागला होता. त्यानं घाबरून बायकोला हाक मारली. ती छत्री मिटून अंगणात आली. वर बघितलं, पदर तोंडाशी धरला.

“राहू दे भावोजी इतक्यात,” ती सुताराला म्हणाली. “पत्र्यावर वजन हवंच होतं काहीतरी.”